बाळा, वाट बघतोयस ना, म्हणून हे लिहिते

प्रिय बाळा,

काल फोनवर 'ठीक आहे गं आई' एवढंच बोलून तू विषय बदललास तेव्हाच कळलं की नोकरीसाठी याही वेळी नकार आलाय. फायनल राऊंडपर्यंत नेऊन नाही म्हणाले की जास्त लागतं रे. आणि मागच्या महिन्यात घरी आला होतास तेव्हा उपासनेत साक्षीच्या वेळी एकेक जण उठून प्रभूने नोकरी दिली, प्रमोशन दिलं असं सांगत होता आणि तू मान खाली घालून गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत बसलेलास, ते पण मी बघत होते. वर बाहेर आल्यावर कोणीतरी तुला म्हणालं विश्वास कमी पडतोय म्हणून. ते मला अजिबात पटलेलं नाही, आणि तूही मनावर घेऊ नकोस.

तुला सगळे बायबलमधलं यिर्मया २९:११ फॉरवर्ड करतात ना, तुमच्यासाठी देवाचे हिताचे संकल्प आहेत ते वचन. खरंच आहे ते, माझा त्यावर पूर्ण भरवसा आहे, पण त्याच्या आधीचं १० वं वचन कोणी पाठवत नाही, त्यात ७० वर्षं लिहिलीयेत. ही वचनं यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातली आहेत, ते पत्र यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलॉनला) बंदिवासात नेलेल्या लोकांना गेलं होतं. आणि आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगत होता की २ वर्षांत सगळं परत येणार, विचार कर, लोकांना कोणाचं ऐकावंसं वाटलं असेल! पण परमेश्वराने हनन्याला पाठवलंच नव्हतं. खरा शब्द यिर्मयाकडे होता आणि तो म्हणत होता वेळ लागेल, आणि ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले कितीतरी लोक परत जायच्या आधीच म्हातारे होऊन गेले असणार. म्हणून कोणी तुला या महिन्यात होणारच, मला प्रभूने दाखवलंय असं सांगितलं तर लगेच त्यावर आशा बांधून बसू नकोस.

मला त्या पत्रातलं सगळ्यात जास्त आवडतं ते ५ वं वचन, घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा. परक्या देशात, नको असलेल्या ठिकाणी, तिथेच. म्हणजे सुटका होईपर्यंत सामान बांधून दारात बसा असं देव म्हणालाच नाही. तू मात्र सगळंच नोकरी लागल्यावर बघू म्हणून ठेवलंयस, गिटार कपाटावर, मित्रांना भेटणं बंद, युथ ग्रुपला पण जात नाहीस कारण तिथे सगळे विचारतात काय झालं. विचारतात हे खरंय, आणि त्रास होतो हेही खरंय, पण तुझं आयुष्य आत्ता पण चालूच आहे ना रे.

आणि रागवायचं असेल तर देवावर रागव, चालतं त्याला. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी आहे हा निरोप मिळाल्यावर पण येशू २ दिवस होता तिथेच थांबला, पोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून ४ दिवस झाले होते. मार्था आणि मरीया दोघींनी वेगवेगळं येऊन तेच वाक्य ऐकवलं त्याला, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तो एकीलाही ओरडला नाही. आणि लाजरला मेलेल्यातून उठवणार हे माहीत असून सुद्धा त्यांचं रडणं बघून तो स्वतः रडला, हे वाचलं की मला दरवेळी भरून येतं. उशीर त्याने केला पण आला, आणि त्यांच्या दुःखात उभा राहिला. तुझ्या बाबतीत तो कधी आणि काय करेल हे मी नाही सांगू शकत. प्रेषित पौलाने ३ वेळा विनंती केली तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, निघाला नाही, कृपा मात्र मिळाली. पण प्रभू तुला सोडून गेलेला नाही एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

तेव्हा प्रार्थनेत चांगले शब्द जमत नसतील तर 'प्रभू, किती वेळ' एवढंच म्हण, दावीद राजा पण १३ व्या स्तोत्रात तेच म्हणतो. नाहीच जमलं तर गप्प बस त्याच्यासमोर, मी आणि पप्पा रोज रात्री तुझं नाव घेतोच, नोकरीसाठी पण मागतो आणि तुला नीट झोप लागावी म्हणून पण.

गिटारच्या तारा बदलून घे या आठवड्यात, पैसे पप्पा पाठवतील. शनिवारी कॉल करते, कसं वाटतंय ते खरं खरं सांग, 'ठीक आहे' नको.

तुझीच,
आई