एबी गटवाल्यांनो, आधी तुम्ही या

सप्रेम नमस्कार,

गेल्या दिवाळीत आपल्या एका सभासदाच्या घरी गॅसचा भडका उडाला आणि सून भाजली. पाठ आणि दोन्ही हात. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली, आणि आदल्या रात्री साडेदहाला निरोप आला : प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव) हवा, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) हव्यात. मंडळाची रक्तदात्यांची जुनी वही काढून आम्ही तिघं रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत फोन लावत बसलो. एबी गटाचे चौघे भेटले. चौघांचंही उत्तर एकच, "आमचं रक्त एबीशिवाय कुणाला चालत नाही हो!"

लाल पेशींपुरतं ते खरं. प्लाझ्माचं मात्र नेमकं उलट. एबीचा प्लाझ्मा कुठल्याही गटाच्या रुग्णाला देता येतो. आम्हालाही हे त्याच रात्री रक्तपेढीतल्या तंत्रज्ञानं सांगितलं. शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली ती गेलीच.

खोल भाजलेली, मेलेली कातडी पातळ पातळ तासून काढतात. खाली टिपक्याटिपक्यांनी ताजं रक्त दिसलं की समजायचं, जिवंत थर लागला. म्हणजे रक्त जाणार हे धरूनच चालायचं. पण तोवर शिरेतून लिटरच्या लिटर सलाईन गेलेलं असतं, त्यानं रक्त गोठवणारे घटक पातळ होतात. काही जखमेतच खर्ची पडलेले असतात. वर कातडीचं पांघरूण नाही म्हणून अंग गार पडतं, आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही. म्हणून हे ऑपरेशन थिएटर मुद्दाम तापवून ठेवतात, डॉक्टर घामानं निथळत असतात. अशा वेळी नुसत्या लाल पेशींच्या पिशव्या चढवून भागत नाही; रक्त गोठवणारे घटक प्लाझ्मात असतात, म्हणून तो हवा आणि प्लेटलेटही हव्यात.

बर्फासारखा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो, तेव्हा तो आधीच पेढीत पडलेला बरा. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. म्हणूनच एका रविवारी शंभर जणांची रांग आणि हारतुरे आम्हाला नकोत (तेही करून झालं). दर आठवड्याला पाच-सात जण आले तर जास्त उपयोग.

वय किमान 18, वजन 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 हवं. दोन रक्तदानांत पुरुषांनी 90 आणि स्त्रियांनी 120 दिवस जाऊ द्यावेत. यंत्रावर नुसत्या प्लेटलेट द्यायच्या तर वजन 50 किलो हवं आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. त्या रात्री धावत आलेल्या दोघांपैकी एकाला याच गोळीपायी परत जावं लागलं. त्या यंत्राच्या एका किटला काही हजार रुपये पडतात. ज्यांना वयामुळे किंवा औषधांमुळे रक्त देता येत नाही, त्यांनी किटसाठी हातभार लावावा. पावती मिळेल.

मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी 6 ते 8 नवी वही उघडी आहे. नाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी केलं, एवढं लिहा. रात्री अकरानंतर फोन आला तर उचलाल का, तेही लिहा.

आपला,
सचिव