पाळीवर उभं राहून ‘आज नाहीत’ लिहिणाऱ्यांना

भंडारा-गोंदियाच्या तलावांवरच्या पक्षीमित्रहो,

सप्रेम नमस्कार.

माघ-फाल्गुनात तुम्ही पाठवलेल्या नोंदी तलावांप्रमाणे आणि तारखांप्रमाणे लावून झाल्या. आधी कशासाठी आभार मानायचे, याचा विचार करावाच लागला नाही. पहिले आभार तुमच्या शून्यांसाठी. पट्टकादंब हंस, तलवार बदकं, मोठ्या लालसरी असे हिवाळी पाहुणे उठून गेल्यावरही तुम्ही तलावाच्या त्याच पाळीवर, म्हणजे बांधावर, त्याच वेळेला गेलात आणि वहीत लिहिलंत, ‘आज नाहीत.’ अशा नोंदीसोबत फोटो नसतो आणि तिचं कुणी कौतुकही करत नाही. तरी थवे उत्तरेकडे कधी निघाले हे ज्यावरून ठरतं, ती नोंद हीच.

पक्षी आला की दहाजण कळवतात, गेला की कुणीच कळवत नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे. तिच्यातून भर हिवाळ्यातलं चित्र मिळतं, पण पुढच्या दोन-अडीच महिन्यांत काय झालं ते त्यात येत नाही. समजा एखाद्या तलावावर १० मार्चला चाळीस पट्टकादंब दिसले आणि पुढे काहीच नोंद नाही. मग दोन्ही शक्य आहे : पक्षी ११ तारखेला गेले, किंवा पक्षी महिनाभर होते पण बघायला कुणी गेलं नाही. तेच १० तारखेला चाळीस आणि १३ तारखेला शून्य असेल, तर जाण्याचा काळ तीन दिवसांत पकडता येतो. दुसरी फेरी थेट २८ तारखेला झाली, तर तोच काळ अठरा दिवसांचा होतो आणि एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही. तुमच्यातल्या ज्यांनी आठवड्यातून दोन फेऱ्या ठेवल्या, त्यांचे तलाव कागदावर लगेच ओळखू येतात.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना नसलेल्या पक्ष्याची वेगळी ओळ होत नाही, हे तुम्ही नीट समजून घेतलंत त्याबद्दल विशेष आभार. यादीच्या शेवटी, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का, असं विचारतात. तिथं खरेपणानं ‘हो’ म्हणता आलं, तरच यादीत न आलेली जात त्या वेळी दिसली नाही असं धरता येतं. म्हणून पट्टकादंबांसाठी गेलात तरी टिबुकली, वारकरी, पाणकावळा, शेकाट्या, टिटवी, वेडा राघू असं सगळं लिहिलंत. वेळ आणि चाललेलं अंतरही लिहिलंत. दहा मिनिटांत घेतलेलं शून्य आणि दीड तास दुर्बीण फिरवून घेतलेलं शून्य यांचं वजन सारखं नसतं.

तरीही शून्याचा अर्थ दर वेळी ‘गेले’ असा होत नाही. तुमच्या वह्यांमधला सगळ्यात मोलाचा भाग याच ठिकाणी आहे.

आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजानं बांधले ते धानाला पाणी देण्यासाठी. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्यानं संपली, तलावांचं काम मात्र तेच राहिलं. उन्हाळी धानाची लागवड झाली की पाणी सोडतात आणि तलाव भराभर उतरतो. तळाला उतार फार कमी, त्यामुळे हातभर पाणी कमी झालं तरी कड पुष्कळ आत सरकते. याचा सगळ्या बदकांवर सारखा परिणाम होत नाही. तलवार बदक, थापट्या, चक्रांग ही वरच्या वर खाणारी बदकं. मान घालून पोचता येईल एवढंच पाणी त्यांना लागतं, म्हणून उतरतं पाणी काही दिवस त्यांच्या सोयीचंच असतं. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारून खातात. त्यांना खोली पुरेनाशी झाली की ती बोड्या, म्हणजे लहान तळी, सोडून नवेगाव बांध, इटियाडोह अशा मोठ्या पाण्याकडे सरकतात. लहान तलावावर फेब्रुवारीच्या मध्यालाच लालसरी शून्य झाल्या, तर तो बहुतेक वेळा पाण्याचा परिणाम असतो. स्थलांतर सुरू झालं असं त्यावरून म्हणता येत नाही.

हा फरक कळला तो तुम्ही लिहिलेल्या एका साध्या आकड्यामुळे. पाळीच्या पायथ्याचा एखादा न हलणारा दगड धरून पाण्याची कड तिथून किती पावलांवर आहे, हे तुम्ही दर फेरीला लिहिलंत. पावलं एकाच माणसाची, दगड तोच. या पावलांशेजारी बदकांचे आकडे मांडले की पाणी उतरल्यामुळे हललेले थवे आणि खरंच देशांतराला निघालेले थवे वेगळे दिसू लागतात. मोजपट्टी बसवलेले तलाव थोडे, पण दगड प्रत्येक पाळीवर आहे.

दुसरं कारण जाळ्यांचं. ज्या सकाळी डोंगे पाण्यात उतरतात आणि जाळी ओढली जातात, त्या सकाळी थवे शेजारच्या तलावावर जाऊन बसतात. ढीवर बांधवांनी मासेमारीचे दिवस तुम्हाला आधीच सांगितले, म्हणून त्या दिवसांचे आकडे वेगळे ठेवता आले. पत्राचा हा भाग त्यांना उद्देशून आहे, त्यांना जरूर वाचून दाखवा. पाण्याच्या मधल्या भागात कोणते पक्षी बसतात आणि पहाटे किती वाजता उठतात, हे दुर्बिणीवाल्यांच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

तिसरं कारण पट्टकादंबांच्या सवयीचं. ते बरेचदा रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. अगदी उजाडताना शून्य आलं म्हणून परत न फिरता तुम्ही दहाच्या सुमारास पुन्हा पाहिलंत. ‘६:४० ला नाहीत, ९:५० ला लाखोळीच्या बांध्यांकडून उतरले’ अशी ओळ वहीत असली की त्या दिवसाचं खोटं शून्य टळतं.

शेजारचे तलाव एकाच सकाळी, एकाच अर्ध्या तासात मोजायचं तुम्ही ठरवलंत, हेही फार बरं झालं. चार तलाव चार दिवशी मोजले की एकच थवा चारदा मोजला जातो. सगळ्यांनी एकाच वेळी मोजूनही थवा मध्येच उठलाच, तर कोणत्या दिशेला आणि किती वाजता, हे लिहिलेलं असल्यामुळे पलीकडच्या पाळीवरचा आकडा जुळवता आला.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नवीन येणाऱ्यांना तुमच्या वह्या दाखवण्याजोग्या आहेत. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. पश्चिमेच्या काठावरून तेच पक्षी नुसत्या काळ्या सावल्या होतात. मार्चमध्ये ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. मग साठपट मोठं दाखवणारी स्पॉटिंग स्कोपही कामाची नाही, तिच्यात थरथरही तितकीच मोठी होते. अशा वेळी वीस-पंचवीसपटीवर यावं आणि अवघड ओळख सोडून द्यावी. स्टँड जितका खाली ठेवाल तितका वाऱ्यानं कमी हलतो.

थवा मोजताना आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे आणि तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठेवायचं. त्यावरून पन्नासांचा तुकडा ठरवायचा आणि डावीकडून उजवीकडे तुकडे मोजत जायचं. असं तीनदा करून मधला आकडा घ्यायचा. थवा मोठा असला की नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमी भरतो, म्हणून नुसतं ‘भरपूर’ किंवा ‘शेकडो’ लिहिण्यापेक्षा ‘३०० ते ३५०’ हे कितीतरी बरं. मिश्र थव्यात वारकऱ्यांची संख्या फसवते. लांबून ते काळे ठिपके बदकं म्हणून मोजले जातात. स्कोपमधून सलग शंभर पक्षी बघून त्यात पांढऱ्या कपाळाचे वारकरी किती, हे आधी काढायचं आणि ते प्रमाण एकूण आकड्याला लावायचं. थव्यात ते एका बाजूला गोळा झाले असतील, तर शंभराचा नमुना दोन-तीन ठिकाणी घ्यायचा. बुडी मारणाऱ्या बदकांना एका फेरीत कधीच मोजू नये. कोणत्याही क्षणी त्यातली काही पाण्याखाली असतात. एकाच ठिकाणी नजर ठेवून तीन-चारदा मोजायचं आणि इथं मात्र मधला आकडा न घेता सर्वांत मोठा घ्यायचा.

तुमच्या वह्यांतलं एक पान मुद्दाम समोर ठेवावंसं वाटतं. त्यावर भुवई बदकांपुढे लिहिलंय, ‘नर-मादी सांगता येत नाही.’ हे लिहायला जाण लागते. भुवई बदकाचा नर विणीनंतरचा मादीसारखा साधा पिसारा बराच काळ ठेवतो आणि पांढरी भुवई ठळक होते ती साधारण फेब्रुवारी-मार्चकडे. जानेवारीत ‘सगळ्या माद्या’ म्हणून लिहिलेल्या थव्यात पुष्कळ नर असतात. मग मार्चमध्ये नर एकदम वाढल्यासारखे दिसतात आणि नवा थवा आला असा समज होतो. उलट बाजूनं, उत्तरेकडे परतणारे भुवई बदकांचे थवे मार्च-एप्रिलमध्ये खरोखरच येऊन टेकतात. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडत असल्यामुळे शंका लिहून ठेवणं हाच योग्य मार्ग.

चक्रांगाची मादी आणि भुवई बदकाची मादी वेगळी करताना तुम्ही काय पाहिलं, तेही लिहिलंत. चक्रांगाच्या शेपटीच्या बुडाशी बाजूला फिकट पट्टी असते, चेहरा बराचसा एकसारखा असतो. भुवई बदकाच्या चोचीच्या बुडाशी पांढुरका डाग असतो, डोळ्यातून गडद रेघ जाते, तिच्यावर फिकट रेघ आणि गालावर आणखी एक गडद रेघ असते. ‘चक्रांग, ६’ एवढंच लिहिलं असतं तर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला असता. ‘शेपटीच्या बुडाशी पट्टी दिसली’ असं लिहिल्यावर दहा वर्षांनी कुणालाही ती नोंद तपासता येईल.

धोबी पक्ष्यांचंही असंच. मार्चमध्ये पिवळ्या धोब्यांच्या डोक्याचा रंग बदलतो, राखी आणि काळ्या डोक्यांचे नर वेगळे ओळखू येतात. तुम्ही डोक्याचा रंग आणि भुवई आहे की नाही एवढं लिहून थांबलात. पुढचं नाव खात्री असेल तरच दिलंत. पळसावरच्या भोरड्या, काठावरच्या तुताऱ्या आणि शेपटी लांबत चाललेले कमळपक्षी यांच्या नोंदीही भरपूर आल्या. सगळ्या उपयोगी आहेत.

सारसांबद्दल स्वतंत्र आभार. महाराष्ट्रात सारस उरलेत ते जवळजवळ सगळे आपल्या भागात, आणि तेही बोटांवर मोजता येतील इतके. शेतं सुकू लागली की जोड्या आणि मागच्या पावसाळ्यातली तांबूस डोक्याची पिल्लं तलावांच्या काठाला जास्त दिसतात आणि फोटो काढण्याचा मोह तेव्हाच होतो. तुम्ही जागा उघड केली नाही. तारीख, मोठे किती, पिल्लं किती, आणि जवळून विजेच्या तारा जातात का, एवढंच नेमक्या माणसांकडे दिलंत. तारांना धडकून सारस मरतात, म्हणून तारांची ती एक ओळ पुढच्या कामाला थेट उपयोगी पडते.

काही चुका राहिल्या, त्याही सांगतो. एकाच तलावाला तीन नावं पडली आहेत. गावाचं नाव, जुनं नाव आणि कुणीतरी नकाशात टाकलेलं नाव. पुढच्या खेपेला पाळीवर उभं राहूनच जागा निवडा. घरी येऊन यादी भरली की काही वेळा जागा घराची पडते आणि चक्क वस्तीच्या मध्यावर दोनशे तलवार बदकं दिसतात. काही कॅमेऱ्यांची घड्याळं चुकलेली आहेत. फेरी सुरू करताना मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्यानं काढला, तर सगळ्या वेळा नंतर दुरुस्त करता येतात. पेन्सिलीनं लिहिलेल्या वह्या दवात टिकल्या, शाईच्या काही पानांवर आकडे पसरले. ‘१’ आणि ‘९’ एकमेकांत मिसळले आहेत अशी पानं परत पाठवतोय, आठवण ताजी आहे तोवर दुरुस्त करा. आठवत नसेल तर त्या जागी प्रश्नचिन्ह घाला, अंदाजानं आकडा भरू नका.

चैत्र लागला तरी काही थापटे आणि भुवई बदकं अजून पाण्यावर आहेत. ती दिसेनाशी झाल्यावर त्या तलावावर निदान दोन फेऱ्या करा, चार-पाच दिवसांच्या अंतरानं. अडई, काणूक, हळदी-कुंकू बदक इथलीच आहेत, ती यादीत येत राहतील. त्यांच्या आकड्यांपुढे दगडापासूनची पावलंही लिहायला विसरू नका.

आपले स्नेहांकित,
नोंदी जुळवणारे आम्ही सर्व