पाळकांनी आधी ऐकून घ्यावं

संपादक साहेब, नमस्कार. नापिकी, सावकाराचं टेन्शन, घरातली भांडणं, आमच्या ख्रिस्ती मंडळीतला माणूस आधी पाळकाकडंच (चर्चच्या धर्मगुरूकडं) जातो, डॉक्टरकडं नंतर. पण काही पाळक चहा यायच्या आत बायबलचं वचन काढतात अन् 'विश्वास कमी पडतोय' म्हणून मोकळे होतात! अहो बायबलमधेच बघा, '१ राजे' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागतो तर देवदूत उपदेश करत नाही, भाकर-पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र पण सात दिवस गप्प होते तोवर बरे होते. प्रार्थना पाहिजेच, पण जिवाचं बरंवाईट बोलणाऱ्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावून द्या, सोबत दवाखान्यात जा. अन् ऐकलेलं उपासनेत 'प्रार्थना विनंती' म्हणून सगळ्यांसमोर सांगू नका, मग तो माणूस परत येत नसतो.

– एक वाचक, जालना