दुसरीच्या वर्गाला खो देणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी जिंकला, तेव्हा सातपूरच्या आमच्या शाळेतील दुसरीच्या मुलांनी ‘आम्हालाही शिकवा’ असा हट्ट धरला आणि माझ्या एका फोनवर आपण दर गुरुवारी शेवटच्या तासाला येऊ लागलात. मैदानावरील त्या तासांचा माझ्या वर्गाला जो उपयोग झाला, तो आपल्याला सविस्तर कळावा म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

खरे सांगायचे तर मला शंकाच होती. एक प्रश्न विचारला की वीस जण एकदम उत्तर ओरडतात, अशा वर्गाला धावाधाव शिकवून काय साधणार, असे वाटत होते. पहिल्याच दिवशी आपण खांबांऐवजी वाळू भरलेल्या दोन बाटल्या ठेवल्या, खडूने चौकोन आखले, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून मुलांना बसवले आणि एकच नियम सांगितला : खो मिळाल्याशिवाय उठलात तर फाउल. दहा वर्षे ‘शांत बसा’ म्हणून माझा घसा बसला. आपल्या खेळात मात्र तीच मुले पाय रोवून, कान टवकारून, खो कधी येईल याची वाट पाहत बसली होती. तेथे बसणे ही उठण्याची तयारी असते, हे मला तेव्हा उमगले.

पुढे मी तो नियम प्रकट वाचनात आणला. एक वाक्य वाचून झाले की वाचणाऱ्याने कुणाच्याही पाठीमागे जाऊन, त्याला स्पर्श करून ‘खो’ म्हणायचे आणि त्याने पुढचे वाक्य उचलायचे. खो कुणाला मिळेल हे ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांचे बोट ओळीवर राहू लागले. (मराठीत ‘खो घालणे’ म्हणजे कामात अडथळा आणणे, आमच्या वर्गात तो शब्द नेमका उलटा वागला.) वर्षभर हजेरीलाही नुसता हात वर करणारी एक मुलगी, स्पर्शाबरोबर शब्द ऐकू आलाच पाहिजे या आपल्या आग्रहामुळे, प्रथमच मोठ्याने बोलली. तिच्या आईला ते खरेच वाटेना.

खिचडीच्या रांगेतील ढकलाढकली अजून थांबलेली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करते. एकाचा गुडघा फुटला तेव्हा त्याच्या वडिलांची समजूत घालायला आपण स्वतः त्यांच्या घरी गेलात, ते मी विसरणार नाही.

पावसाने मैदानावरील खडूचे चौकोन पुसले आहेत, बाटल्या मात्र माझ्या कपाटात जपून ठेवल्या आहेत. आता तिसरीत गेलेली ती मुले दर गुरुवारी फाटकाकडे पाहतात.

आपली कृतज्ञ,
एक प्राथमिक शिक्षिका
सातपूर, नाशिक