अर्धं पान

ऐरोली,
रविवार, रात्री

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी ओरडलो, तू फोन आपटलास, आणि तेव्हापासून तुझी आई माझ्याशी "वाढू का?" एवढंच बोलते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस, म्हणून कागद. मावशी पुण्याला येतेय, तिच्याबरोबर लाडू दिलेत, त्या पिशवीत हे पत्र आहे.

घसा कसा आहे? गुळण्या करतेस ना?

गोळ्यांबद्दल लिहायचं नाही असं आईनं बजावलंय. तर फक्त एवढंच की, तू गेल्यावर तुझा खण आवरताना सेफिक्झिमचं, म्हणजे अँटिबायोटिकचं, पान सापडलं. दहातल्या चार गेलेल्या. त्या पानावर लाल चौकट असते, कधी बघितलीस? २०१४ च्या मार्चपासून ती सक्तीची झाली. तेव्हा आमच्या लाइनवर नव्या फॉइलचे रोल आले आणि छपाई सरकून चौकटीतली अक्षरं कापली जाऊ लागली. सुपरवायझर म्हणाला, चालतंय. मी मशीन बंद केलं. सत्तावीस वर्षं रबाळ्याला पॅकिंगमध्ये काढली, पण त्या दिवसाचा अभिमान अजून आहे. चिठ्ठीशिवाय हे औषध विकायचं नाही. दुकानदारानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं सांभाळायची. तुझं नाव कुठल्या वहीत आहे गं?

बघ, लागलो. चुकलं.

पण आजीचं तू विसरलीस असं मला वाटत नाही. गेल्या दिवाळीत रात्रीची बस पकडून तू आलीस, तोंडही न धुता तिच्या उशाशी बसलीस. युरिन कल्चरचा, म्हणजे लघवीतल्या जंतूंच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला तीन दिवस लागले आणि तो तूच मला वाचून दाखवलास. एकाखाली एक औषधं, प्रत्येकापुढे एस नाहीतर आर. आर म्हणजे त्या जंतूवर ते औषध चालत नाही. तू बोट खाली नेत होतीस, आर, आर, आर. सेफिक्झिमपुढेही आरच. शेवटी मेरोपेनेम, दर आठ तासांनी, शिरेतून, सात दिवस. सुई लावायला शीर सापडेना म्हणून नर्सनं पाटल्या काढायला लावल्या. त्या मी शर्टाच्या खिशात ठेवल्या होत्या, जिन्यावरून खालीवर करताना वाजायच्या.

डॉक्टर म्हणाले होते, हा जंतू बहुधा आजींच्या पोटातलाच. घशासाठी घेतलेली गोळी घशापुरती थांबत नाही, पोटातल्या जंतूंपर्यंतही पोचते. लेचेपेचे मरतात, चिवट उरतात आणि त्यांचाच गोतावळा वाढतो. आणि सर्दी-घसा व्हायरसचा असला, जो बहुतेक वेळा असतोच, तर या गोळीचा त्याला काही उपयोगच नाही. तू शिकलेली आहेस, हे मी तुला काय सांगायचं.

२६ जुलै २००५ तुला आठवणार नाही, पाच वर्षांची होतीस. गल्लीत गुडघाभर पाणी, वीज नाही, दवाखाने बंद, आणि तू तापानं फणफणलेली. फ्रिजच्या दारात कानाच्या वेळचं सिरप उरलं होतं. पावडरीत पाणी घालून केलेलं, सात दिवसांत संपवायचं असतं ते. त्याला महिना झाला होता, शिवाय फ्रिजही बंद. लेबल काय सांगतं हे मला नाही तर कुणाला कळणार? तरी मेणबत्तीच्या उजेडात चमच्यानं पाजलं. तू तोंड वाकडं केलंस, थोडं माझ्या बनियनवर सांडलंस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तो बहुधा तसाही उतरणारच होता. पण मला वाटलं, मी उतरवला.

मग काय, तू खोकलीस की नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं आणि म्हणायचं, मागच्या त्याच गोळ्या द्या, चार सुट्या. एका हातात पुडी, दुसऱ्या हातात तुझं बोट.

हे तुला परवाच सांगायचं होतं, पण आधी ओरडलो. आजीलाही मीच आणून द्यायचो, हे तर आईलाही अजून बोललेलो नाही.

आज कपाटावरचा निळा डबा उपसला. सतरा अर्धी पानं निघाली. त्यातली तुझी दोन.

ताप चढला, गिळताना फार दुखलं, तर डॉक्टरकडे जा. मीटिंग राहू दे. ते काय लिहून देतात त्याचा फोटो मला पाठव. नको, पाठवू नकोस. नुसती जा.

आणि लाडवांचा डबा परत आण, आईच्या लग्नातला आहे.

तुझा,
बाबा