शेतीच्या छात्राध्यापकांना पेरणीच्या वेळी शाळेत पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समग्र शिक्षा योजनेतील व्यावसायिक शिक्षणात नववी-दहावीसाठी शेती हा एक विषय आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या केळी, कापूस व मिरचीच्या जिल्ह्यांत तो शिकवला जावा, यात वाद नाही. मात्र हा विषय शिकवणारा शिक्षक स्वतः शिकवायला कोठे आणि केव्हा शिकतो, याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही. खान्देशातील एका माध्यमिक शाळेत मी शेती आणि विज्ञान शिकवले व अनेक छात्राध्यापकांचा, म्हणजे बी.एड. करणाऱ्या भावी शिक्षकांचा, मार्गदर्शक शिक्षक म्हणून काम केले. त्या अनुभवावरून मला एकच मुद्दा मांडायचा आहे, तो छात्रसेवाकालाच्या, म्हणजे छात्राध्यापक सरावासाठी शाळेत काढतात त्या काळाच्या, महिन्यांचा.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील सेवाकाल किमान २० आठवड्यांचा ठरवला. त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. शेतीच्या दृष्टीने १६ आठवडे म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. मूग आणि उडीद ६५ ते ७५ दिवसांत काढणीला येतात, त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडताच रुजू झालेल्या छात्राध्यापकाला बियाणे तपासण्यापासून पोळ्याच्या आसपास शेंगा तोडण्यापर्यंतचे सगळे पीक मुलांबरोबर घेता येईल. आमच्याकडे हे छात्राध्यापक बहुधा दिवाळीनंतर आले, कारण महाविद्यालयाचे प्रवेश, परीक्षा आणि सत्रे यांतून उरलेल्या जागेत सेवाकाल बसवला जाई. तोवर शाळेच्या जमिनीच्या तुकड्यात नुसत्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) उभ्या असत. हरभरा घेता येतो हे खरे, पण शाळेला विहीर असेल तर; शिवाय तो हाताशी येईपर्यंत दहावीची परीक्षा दारात येते.

अशाच एका जानेवारीत, कृषी पदवीधर असलेल्या एका छात्राध्यापिकेने उगवणक्षमता चाचणीवर पाठ घेतला. पाठटाचण नेटके होते, तक्ता रंगीत होता, आणि निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापकांनी शेराही चांगला दिला. मागच्या बाकावरील मुलाने मात्र विचारले, की जूनमध्ये पेरलेले बियाणे आता तपासून काय करायचे. प्रश्न उद्धट नव्हता, रास्तच होता, आणि तिच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते, कारण तो महिना तिने निवडलेला नव्हता. हाच पाठ जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाला असता, तर मुलांनी घरच्या पोत्यातले बियाणे मूठभर आणले असते, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडून त्याची गुंडाळी सावलीत ठेवली असती, आणि चार-पाच दिवसांनी ती उलगडून कोंब मोजले असते. सत्तरच्या आत कोंब आले तर एकरी बियाणे वाढवावे लागते, हे त्या मुलांनी त्याच संध्याकाळी घरी सांगितले असते, आणि तेही पेरणी अजून व्हायची असताना.

कापसाचेही तसेच आहे. फुले-पात्या लागण्याच्या सुमारास कामगंध सापळे (बोंडअळीच्या नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढणारे सापळे) लावले, तर प्रार्थनेआधी पतंग मोजून वहीत मांडणे हे नववीच्या मुलांना सहज जमणारे काम आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर गुलाबी बोंडअळीवर उपाय करण्याची वेळ आली असे मानतात. ही पातळी फळ्यावर सांगून कोणाच्या लक्षात राहत नाही, स्वतः पतंग मोजले की राहते. हे पाहण्याचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरचे असतात आणि नेमके तेव्हा छात्राध्यापक महाविद्यालयाच्या वर्गात बसलेले असतात.

गंमत अशी, की कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी, म्हणजे कृषिदूत आणि कृषिकन्या, ग्रामीण कार्यानुभवासाठी खरिपातच गावोगाव येतात आणि बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके करून दाखवतात. त्यांची छायाचित्रे आपल्या दैनिकातही छापून येतात. त्याच गावातील माध्यमिक शाळेत मात्र ते फार तर वृक्षारोपणाला जातात. ज्यांना शेती येते त्यांना वर्ग सांभाळण्याचा सराव नाही, आणि ज्यांना तो सराव दिला जातो त्यांना उभे पीक दिसत नाही, अशी ही विभागणी आहे.

अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतील शेतीशिक्षणाला केंद्राचा निधी मिळू लागला. तेथील भावी शेतीशिक्षक साधारणपणे एक पूर्ण सत्र अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली काढतो, आणि विद्यार्थ्यांच्या घरच्या शेतीप्रकल्पांना भेटी देणे हाही त्याच्या सरावाचाच भाग असतो. तेथील पैसा आणि साधने आपल्याकडे नाहीत, परंतु विद्यार्थ्याच्या बांधावर जाण्यासाठी रावेर-यावलच्या छात्राध्यापकाला सायकलही पुरेल.

म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आणि त्याच्याशी संलग्न अध्यापक महाविद्यालयांनी निदान कृषी पदवीधर छात्राध्यापकांचे १६ आठवडे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठेवावेत. त्यांना शाळेच्या आवारातील दोन-तीन गुंठे जमीन नेमून द्यावी आणि पाठ-निरीक्षणाच्या गुणांपैकी काही गुण त्या तुकड्याच्या नोंदवहीला द्यावेत. पस्तीस मिनिटांच्या तासिकेवरून शेतीचा शिक्षक पारखणे मला तरी कधी जमले नाही. पुढील वर्षाचे शैक्षणिक वेळापत्रक ठरण्यापूर्वी याचा विचार व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
ता. चोपडा, जि. जळगाव