सगळेच प्रिटोरियन नव्हते

महोदय,

रविवार पुरवणीतील उत्तरकालीन रोमन सैन्यावरचा लेख आवडीने वाचला, परंतु त्यात चौथ्या शतकातील सम्राटांच्या सर्व निवडक सैनिकांना सरसकट ‘प्रिटोरियन’, म्हणजे रोमन सम्राटांचे जुने अंगरक्षक, म्हटले आहे, ही चूक दुरुस्त व्हायला हवी. रोमजवळच्या मिल्व्हियन पुलाच्या लढाईत प्रतिस्पर्धी मॅक्सेन्टियसच्या बाजूने उभे राहिलेले प्रिटोरियन दल विजयी सम्राट कॉन्स्टन्टाइनने इ. स. ३१२ मध्येच मोडीत काढले होते.

पुढे सम्राटाच्या रक्षणाचे काम ‘स्कोले’ या घोडदळाच्या पथकांकडे होते. ती सेनापतींच्या नव्हे, तर दरबारातील एका बड्या मुलकी अधिकाऱ्याच्या हाताखाली असत. पांढऱ्या गणवेशातील चाळीस ‘कॅन्डिडाटी’ त्यांच्यातूनच निवडले जात. ‘प्रोटेक्टोरेस डोमेस्टिसी’ हा प्रकार मात्र वेगळा. ही भावी अधिकाऱ्यांची तुकडी होती आणि तिच्यातील माणसे सेनापतींबरोबर कामगिरीवर पाठवली जात. इतिहासकार अम्मियानुस त्यांच्यापैकीच एक, इ. स. ३५९ मध्ये पर्शियनांनी अमिडा शहराला घातलेल्या वेढ्यातून तो कसाबसा निसटला.

खरा गोंधळ ‘पॅलाटिनी’ या नावामुळे होतो. नावात राजवाडा असला, तरी या तुकड्या रणांगणावरच्या होत्या, फक्त मानाने इतर फिरत्या फौजेपेक्षा वरच्या. त्यांतील कोर्नुटी आणि ब्राकियाटी यांनी इ. स. ३५७ मध्ये स्ट्रासबुर्गच्या लढाईत दिलेल्या रणगर्जनेचे वर्णन अम्मियानुसने केले आहे: आधी पुटपुटल्यासारखी, मग वाढत वाढत खडकांवर आपटणाऱ्या लाटांसारखी. मला तर या सगळ्यांत हेच सैनिक सर्वाधिक महत्त्वाचे वाटतात. इ. स. ३६० मध्ये सम्राट कॉन्स्टान्टियसने त्यांच्यापैकी अनेकांना पूर्वेकडे बोलावले, तेव्हा पॅरिसमध्ये त्यांनी बंड करून त्याचा गॉलमधील उपसम्राट ज्युलियन याला सम्राट घोषित केले. मुकुट हाताशी नसल्याने पेटुलान्टेस तुकडीतील माउरुसने आपल्या गळ्यातील कडे काढून ज्युलियनच्या मस्तकावर ठेवले. सम्राट घडवणारे हे लोक अंगरक्षक नव्हते, हे लेखात यायलाच हवे होते.

स्कोलेचा दबदबाही टिकला नाही. पाचव्या शतकात सम्राट पहिल्या लिओने ‘एक्सक्युबिटोरेस’ हे नवे, छोटे पण कडवे रक्षकदल उभारले, आणि सहाव्या शतकापर्यंत स्कोलेमधील जागा चक्क पैसे मोजून मिळू लागल्या. इ. स. ५१८ मध्ये सिंहासनावर बसलेला पहिला जस्टिन हा या एक्सक्युबिटोरेसचाच प्रमुख होता.

आपला,
एक इतिहासप्रेमी वाचक